गोळी विकणारे मोकळे, गोळी सोडणारा गुन्हेगार

अमेरिकेतील लक्षावधी कामगारांना नोकरी मिळण्यापूर्वी, आणि अनेकांना ती मिळाल्यावरही वारंवार, प्लॅस्टिकची एक बाटली हातात दिली जाते व तीत लघवी भरून आणण्यास फर्मावले जाते. ‘अमली पदार्थमुक्त कार्यस्थळ’ असे या व्यवस्थेचे गोंडस नाव आहे. ज्याच्या पाठीचा कणा खाणीत किंवा बांधकामावर मोडला, ज्याला डॉक्टरने रीतसर चिठ्ठी लिहून अफूजन्य वेदनाशामक गोळ्या दिल्या, ज्याचे शरीर त्या गोळ्यांचे गुलाम झाले आणि जो आज त्यांतून सुटण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडत आहे, असा कामगार या बाटलीत हमखास सापडतो. गोळी बनवणारा, तिचा खोटा प्रचार करणारा आणि तिच्या नफ्यावर वाडे उभारणारा मात्र कधीच सापडत नाही. त्याची लघवी कोणी मागत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. ही केवळ अंधेरनगरी असती, तर कोणी शहाणा न्यायाधीश ती दुरुस्त करू शकला असता. वस्तुतः हा एक सुसंगत व्यवहार आहे. कामगाराच्या शरीराची झीज, त्या झिजेवर विकले जाणारे औषध आणि त्या औषधाबद्दल त्यालाच होणारी शिक्षा, या तिन्ही ठिकाणी भांडवलाचे हित सांभाळले जाते आणि किंमत मात्र एकटा कामगार मोजतो.

व्यसनाचा कारखाना

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोंटिन ही गोळी बाजारात आणली. तिच्यातील ऑक्सिकोडोन हे द्रव्य अफूच्या झाडात सापडणाऱ्या थेबाइनपासून तयार होते. ते मॉर्फिनच्याच कुळातले. कर्करोगाच्या असह्य वेदनांसाठी वापरले जाणारे औषध पाठदुखी, गुडघेदुखी अशा नित्याच्या दुखण्यांवर खपवायचे, हा कंपनीचा बेत होता. गोळीतून औषध सावकाश पाझरत असल्याने तिचा दुरुपयोग कमी होईल असे मानले जाते, या आशयाचे वाक्य सरकारमान्य माहितीपत्रकातच छापले गेले. १९८० मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले होते. रुग्णालयात दाखल असलेल्या व अफूजन्य औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याचे त्यात म्हटले होते. रुग्णालयातील देखरेखीखाली दिलेल्या औषधाबद्दलचे हे त्रोटक पत्र, महिनोन्‌महिने घरी गोळ्या खाणाऱ्यांनाही लागू असल्यासारखे सर्वत्र मिरवण्यात आले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने हिशेब मांडला, तेव्हा ६०८ ठिकाणी त्या पत्राचा हवाला दिला गेल्याचे व बहुसंख्य ठिकाणी तो व्यसनाचा धोका नाही हे ठसवण्यासाठीच असल्याचे आढळले. विज्ञानाचा झगा घातलेली जाहिरात यापेक्षा निराळी काय असते?

या जाहिरातीचे पीक भरघोस आले. १९९६ मध्ये ऑक्सिकोंटिनची विक्री ४ कोटी ८० लाख डॉलर होती. २००० मध्ये ती सुमारे ११० कोटी डॉलरवर गेली. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसा खाणींचे गरीब राज्य. त्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख. तेथे सहा वर्षांत दोन प्रकारच्या अफूजन्य गोळ्यांचे ७८ कोटी नग ओतले गेल्याचे तेथील एका वृत्तपत्राने २०१६ मध्ये उघडकीस आणले. मिंगो जिल्ह्यातील कर्मिट या ३९२ वस्तीच्या गावातील एकाच औषध दुकानात दोन वर्षांत सुमारे ९० लाख गोळ्या पोहोचल्या. संघटनेच्या हक्कासाठी १९२०–२१ मध्ये खाणमालकांच्या भाडोत्री बंदुकांशी झुंजलेला हाच तो मिंगो जिल्हा. जे बंदुकीला नमले नाहीत, त्यांच्या नातवंडांच्या हाती गोळ्यांची बाटली देण्यात आली.

देशाच्या पातळीवर १९९९ पासून सात लाखांहून अधिक माणसे अफूजन्य द्रव्यांच्या अतिसेवनाने मेली. एकट्या २०२२ या वर्षात हा आकडा सुमारे ८२ हजार होता. त्यानंतर तो उतरू लागला असला, तरी मेलेले परत येत नाहीत.

आणि गुन्हेगारांचे काय झाले? २००७ मध्ये कंपनीने औषधाबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, सुमारे ६० कोटी डॉलर दंड भरला आणि धंदा पुढे चालू ठेवला. तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही दोष मान्य केला. एकही तुरुंगात गेला नाही. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा फौजदारी गुन्हे कबूल केले. दरम्यान, मालक असलेल्या सॅकलर घराण्याने कंपनीतून १ हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम काढून घेतली होती आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती. घराण्याला पुढील सर्व दाव्यांपासून अभय देणारी योजना २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. त्यानंतर २०२५ मध्ये सुमारे ७४० कोटी डॉलरची नवी तडजोड न्यायालयाने मंजूर केली. घराण्याला त्यातील आपला वाटा हप्त्याहप्त्याने अनेक वर्षे भरायचा आहे. हप्ते बांधून मिळण्याची सवलत कामगाराला मात्र नाही. त्याचा निकाल एका बाटलीवर, एका दिवसात लागतो.

गोळी सुटते कशी?

‘सोडायची तर सोडावी,’ असे सांगणे सोपे आहे. शरीर एकदा सरावले की गोळी बंद केल्यावर आठ ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. घाम, थंडी, उलट्या, जुलाब, हाडे पिळवटून काढणाऱ्या वेदना, झोपेचा पूर्ण अभाव. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कळसाला पोहोचतो आणि आठवडाभर किंवा अधिकही टिकतो. ज्या दुखण्यासाठी गोळी सुरू झाली होती, ते दुखणेही दुप्पट होऊन परत येते. औषध अचानक तोडणे धोक्याचे आहे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. काही आठवडे गोळीवाचून राहिलेला माणूस पुन्हा पूर्वीच्याच मात्रेकडे वळला, तर तीच मात्रा त्याचा जीव घेऊ शकते, कारण शरीराची सोसण्याची ताकद तोपर्यंत ओसरलेली असते.

म्हणजे गोळी सोडण्यासाठी तीन गोष्टी लागतात: वेळ, वैद्यकीय मदत आणि त्या काळातील पोटापाण्याची सोय. अमेरिकेत खाजगी क्षेत्रातील कामगारांना आजारपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदाच नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते; पण ती बिनपगारी, आणि तीही पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाकडे वर्षभर पुरेसे तास भरलेल्यांनाच. व्यसनाच्या उपचारासाठी ही रजा घेता येते. मात्र व्यसनाबद्दल कामावरून काढण्याचा नियम मालकाने आधी जाहीर केलेला असेल आणि तो सर्वांना सारखा लावला जात असेल, तर रजेवर असलेल्या कामगारालाही त्या नियमाखाली काढून टाकता येते, अशी पाचर त्याच कायद्याच्या नियमावलीत मारून ठेवलेली आहे. शिवाय बहुसंख्य कामगारांचा आरोग्य विमा नोकरीलाच बांधलेला. नोकरी गेली की औषधोपचाराचे दारही बंद. इकडे आड, तिकडे विहीर.

हा सारा प्रश्न वर्गाचा आहे, याचा पुरावा सरकारी दप्तरातच सापडतो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याने २०११ ते २०१५ या काळातील मृत्यूंचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. बांधकाम व खाणकामातील कामगारांचा अफूजन्य द्रव्यांमुळे होणारा मृत्युदर राज्यातील सर्व कामगारांच्या सरासरीच्या सहापट निघाला. ज्या धंद्यांत अपघात अधिक, पगारी रजा कमी आणि नोकरीची शाश्वती तुटपुंजी, तेथे मृत्यू अधिक. दुखरी पाठ घेऊन सोमवारी कामावर उभे राहण्यासाठी कामगार गोळी घेतो. गोळीने त्याची मजुरी टिकते आणि मालकाचे कामाचे दिवस भरतात. ती सोडण्याची वेळ येते, तेव्हा त्याच्यासाठी एक दिवसही कोणाजवळ शिल्लक नसतो.

बाटली काय सांगते, काय लपवते

१९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी तपासणीचा हुकूम काढला. १९८८ मध्ये त्याला ‘अमली पदार्थमुक्त कार्यस्थळ’ कायद्याची जोड मिळाली आणि १९९१ च्या कायद्याने वाहतूक क्षेत्रातील कामगारांवर तपासणी सक्तीची झाली. रेल्वे कामगारांच्या संघटनांनी अशा तपासणीला न्यायालयात आव्हान दिले होते; १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळले. अमली पदार्थांच्या भीतीपोटी नागरिकाच्या घटनादत्त हक्काला अपवाद करता येत नाही, असे विरोधी निकालपत्रात बजावणारे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल अल्पमतात राहिले. खाजगी मालकांनी सरकारचा कित्ता आनंदाने गिरवला.

या तपासणीतून नेमके काय कळते? ऑक्सिकोडोनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतो. त्याचा कामगाराच्या त्या घटकेच्या शुद्धीशी, हाताच्या स्थिरतेशी, डोळ्यांच्या सावधपणाशी संबंध असेलच असे नाही. दारूच्या बाबतीत श्वासाची चाचणी त्या वेळचा अंमल मोजते. लघवीची चाचणी मागील दिवसांचा माग काढते. शनिवारी रात्री त्रास असह्य होऊन अर्धी गोळी घेतलेला आणि सोमवारी पूर्ण शुद्धीत कामावर आलेला माणूस या चाचणीत नापास होतो. चौदा तासांच्या पाळीने डोळ्यांवर झापड आलेला माणूस तीत उत्तीर्ण होतो.

अधिक संतापजनक गोष्ट पुढेच आहे. चाचणीत ऑक्सिकोडोन सापडले, पण डॉक्टरची वैध चिठ्ठी असली, तर तपासणारा वैद्यकीय अधिकारी निकाल निर्दोष ठरवू शकतो. चिठ्ठी नसली तर तेच द्रव्य गुन्हा ठरते. वर्षानुवर्षे सढळ हाताने चिठ्ठ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांनी २०१६ नंतर कारवाईच्या धास्तीने अनेकांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या. काल जो रुग्ण होता, तो आज कागदाचा एक कपटा नाही म्हणून आरोपी झाला. त्रास कमी करीत करीत गोळी सोडू पाहणारा कामगार घरातल्या कोणाच्या उरलेल्या गोळीला हात लावतो किंवा रस्त्यावरच्या बनावट गोळीकडे वळतो, जिच्यात फेंटानिल असू शकते. तेथे चूक झाली तर मृत्यू, आणि जगला तर बाटली तयारच.

या व्यवस्थेला जागही किती उशिरा आली, हेही पाहण्यासारखे आहे. वाहतूक खात्याच्या सक्तीच्या तपासणीत ऑक्सिकोडोनचा समावेश १ जानेवारी २०१८ रोजी झाला. गोळी बाजारात येऊन तेव्हा बावीस वर्षे लोटली होती आणि कंपनीने पहिला गुन्हा कबूल करूनही दहा वर्षे उलटली होती. २०२० पासून मालमोटार चालकांच्या तपासणीतील दोष केंद्र सरकारच्या संगणकीय नोंदवहीत चढवले जातात आणि नोकरी देण्यापूर्वी मालकाने ती नोंदवही पाहणे बंधनकारक आहे. परत कामावर येण्यासाठी ठरवून दिलेले उपचार पुरे करावे लागतात. पण त्यांचा खर्च उचलण्याचे किंवा जागा राखून ठेवण्याचे बंधन केंद्राचा नियम मालकावर घालत नाही.

उपचार घेणाऱ्याचीही गत फार निराळी नव्हती. मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही औषधे गोळीची ओढ थोपवतात व मृत्यूचा धोका कमी करतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. तरीही मेथाडोन घेणाऱ्यांना सरसकट नोकरी नाकारण्याचा न्यूयॉर्कच्या शहर वाहतूक प्राधिकरणाचा नियम १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. त्या नियमाच्या कचाट्यात सापडलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने चित्र काहीसे पालटले. डॉक्टरच्या देखरेखीखाली अशी औषधे घेणाऱ्याला या कायद्याचे संरक्षण आहे, असे न्याय खात्याने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण ‘सध्या’ बेकायदा सेवन करणाऱ्याला तो कायदा वाऱ्यावर सोडतो. व्यसनातून सुटणे ही घसरत, पुन्हा उठत करायची वाटचाल आहे. तीत एकदा पाय घसरला की ‘सध्या’ हा एक शब्द कामगाराचा घात करण्यास पुरतो.

सुरक्षिततेचे सोंग

मालकवर्ग व त्याचे वकील यावर एकच उत्तर देतात: सुरक्षितता. नशेत असलेल्याच्या हाती रेल्वेचे इंजिन किंवा क्रेन द्यायची काय? मुळीच देऊ नये. नशेतील सहकाऱ्यामुळे पहिला बळी जातो तो शेजारी काम करणाऱ्या कामगाराचाच. म्हणून सुरक्षिततेची खरी चाड कामगारवर्गालाच आहे. प्रश्न एवढाच की भीतीने सुरक्षितता येते काय? नोकरी जाण्याच्या धाकाने आजारी माणूस आजार लपवतो, डॉक्टरकडे जात नाही, सोबत्यांशी बोलत नाही आणि त्याच अवस्थेत यंत्रावर उभा राहतो. ही व्यवस्था धोका झाकून ठेवते.

मालकांच्या सुरक्षितताप्रेमाची कसोटी २०२२ मध्ये लागली. ज्यांची लघवी सुरक्षिततेच्या नावाने तपासली जाते, त्याच रेल्वे कामगारांनी आजारपणाच्या पगारी रजा मागितल्या. कंपन्यांनी नकार दिला. संप अटळ दिसू लागताच अध्यक्ष बायडेन व संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून कामगारांवर करार लादला. सात दिवसांच्या पगारी रजेची तरतूद सिनेटमध्ये आवश्यक मते न मिळाल्याने बारगळली. तापाने फणफणलेला माणूस इंजिनावर बसलेला चालतो, तेव्हा सुरक्षितता कोणाला आठवत नाही! पुढे संघटनांनी एकेका कंपनीशी झगडून काही दिवस पदरात पाडून घेतले, ते लढ्यातून. कोणाच्या दयेतून नव्हे.

दुसरा मार्ग आहे आणि तोही याच रेल्वेत दिसतो. पकडले जाण्यापूर्वी कामगार आपण होऊन पुढे आला, तर त्याला उपचारासाठी पाठवावे व त्याची नोकरी राखावी, अशी तरतूद अमेरिकेच्या रेल्वे नियमांत आहे. सोबती कामगारांमार्फत मदतीचा हात देण्याची पद्धतही तेथे रुजली. रेल्वे हा संघटित कामगारांचा उद्योग आहे. अमेरिकेच्या खाजगी क्षेत्रात मात्र संघटनेचे सभासद आज सुमारे सहा टक्केच उरले आहेत. जेथे संघटना नाही, तेथे बाटली आहे आणि दरवाजा आहे.

‘दोष त्याचाच’ म्हणणाऱ्यांना

खेदाची गोष्ट अशी की, हा आजारी कामगार म्हणजे चळवळीला लागलेला कलंक आहे, असे मानणारे कामगार चळवळीतही आढळतात. ‘ज्याला स्वतःवर ताबा नाही, त्याच्यासाठी संघटनेने का भांडावे?’ असा सवाल केला जातो. ही भाषा मालकाची आहे. ती कामगाराच्या तोंडी आली म्हणून क्रांतिकारी होत नाही. एंगेल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील कामगारवर्गाची स्थिती वर्णिली, तेव्हा घरी काम करणाऱ्या बाया आपल्या व इतरांच्या लेकरांना अफूयुक्त ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजतात, याची नोंद केली. त्या बायांना त्यांनी दोष दिला नाही. आईला तान्ह्या मुलापासून बारा-बारा तास तोडणारी गिरणी आणि ते औषध खुलेआम विकणारा बाजार, यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले. व्यसनाचे उदात्तीकरण कोणी करीत नाही. व्यसन लढ्याची धार बोथट करते, म्हणूनच व्यसनात सापडलेल्याला चळवळीने हात दिला पाहिजे. त्याला मालकाच्या हवाली करणारी संघटना उद्या दुखापत झालेल्याला, परवा वय झालेल्याला हवाली करील.

अफूचा जुना हिशेब

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, भारताला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. अफू आणि भांडवल यांचे नाते भारताच्या इतिहासात ठळकपणे कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि मुंबईच्या शेठ-सावकारांच्या संपत्तीचा मोठा भाग त्या व्यापारातून उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनी बंगाल-बिहारच्या रयतेकडून अफू पिकवून घेत होती. या व्यापाराचे वाभाडे कार्ल मार्क्स यांनी १८५८ मध्ये, न्यूयॉर्कमधूनच निघणाऱ्या एका दैनिकात काढले होते.

तो धंदा आजही नवे रूप घेऊन उभा राहतो. मुंबईतील एक औषध कंपनी टॅपेंटाडोल हे अफूसारखे परिणाम करणारे द्रव्य व कॅरिसोप्रोडोल यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवीत असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघडकीस आणले. त्यानंतरच केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. देशातही ट्रामाडोल या वेदनाशामकाचा गैरवापर इतका बोकाळला, की २०१८ मध्ये ते अमली पदार्थ कायद्याखाली आणावे लागले. कायद्याने गोळी दुर्मीळ होते. दुखणारी पाठ जागच्या जागी राहते. ऊसतोडीपासून बांधकामापर्यंत कंत्राटी मजुराला आजारपणाची पगारी रजा स्वप्नातही दिसत नाही.

तपासणीची बाटलीही भारतात येऊन पोहोचली आहे. ३१ जानेवारी २०२२ पासून विमान कर्मचारी व हवाई वाहतूक नियंत्रक यांची अमली पदार्थांसाठी तपासणी होते. त्या नियमात पहिल्यांदा दोषी आढळलेल्याला व्यसनमुक्ती उपचारासाठी पाठवण्याची तरतूद आहे. हे तत्त्व योग्य आहे. पण कायम व संघटित कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेले तत्त्व कंत्राटी कामगाराच्या वाट्याला आपोआप येत नाही. ही प्रथा कारखान्यांच्या फाटकांत शिरण्यापूर्वीच कामगार संघटनांनी आपली भूमिका निश्चित केली पाहिजे.

ती भूमिका स्पष्ट आहे. आपण होऊन उपचार मागणाऱ्या कामगाराची नोकरी राखली गेली पाहिजे आणि उपचाराच्या काळात त्याला पगारी रजा मिळाली पाहिजे. डॉक्टरच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन घेणारा इतर कोणत्याही औषध घेणाऱ्या रुग्णासारखाच मानला गेला पाहिजे. तपासणी करायचीच, तर ती जोखमीच्या कामापुरती, त्या वेळी काम करण्याची क्षमता पाहणारी आणि संघटनेच्या देखरेखीखाली असावी. तिचा निकाल उपचाराकडे नेणारा असावा. कामावर झालेल्या दुखापतीचा व तिच्या औषधातून लागलेल्या व्यसनाचा खर्च मालकाने सोसावा. आणि औषध कंपनीचा गुन्हा सिद्ध झाला, तर त्याची किंमत दंडाच्या पावतीने नव्हे, निर्णय घेणाऱ्या माणसांच्या तुरुंगवासाने चुकती व्हावी.

कर्मिटच्या खाणकामगाराची पाठ आणि बीडच्या ऊसतोड मजुराची पाठ सारखीच दुखते. तिच्यावर गोळी विकणारे हातही एकाच जातकुळीचे आहेत. त्या दोन पाठींमागे उभी राहील अशी संघटना बांधणे, हेच या बाटलीला कामगारवर्गाचे खरे उत्तर होय.